गावाचा वळू

गाय माजावर आली की नेली वळूकडे, असं आमच्या नाणे मावळात जुनी माणसं करत नसत. आजोबा आधी महिने मोजायचे. माघात भरवली तर कार्तिकात विणार. तेव्हा हवा कोरडी आणि भाताचा पेंढा नवा. दिवाळीनंतर फळली तर ऐन श्रावणात वेत येणार. तिकडे लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, इकडेही पाऊस जोरदारच. ओल्या गोठ्यात हगवण लागून वासरं जात. असा माज आजोबा सरळ सोडून देत.

वळू एका घराचा नसे. कुणी वडिलांच्या नावानं, कुणी देवाच्या नावानं सोडलेला. तो कुणाच्याही खाचरात तोंड घाली आणि कुणी काठी उगारत नसे. पण सोडायचा खोंड गाव पारखून घेई. आधी त्याची आई बघायची: दुधाला कशी, स्वभावानं कशी, वर्षाआड विते का. मग खूर. चिखलात दिवसभर उभं राहून मऊ पडणारा खूर मावळात चालत नाही. म्हणून माणदेशी खिलार कितीही देखणा असला तरी आमची माणसं बुटक्या गावठी जनावरालाच धरून राहिली. तीनेक वर्षांत त्याच्या स्वतःच्या कालवडी माजावर येऊ लागत. त्याआधी तो शेजारच्या गावाला द्यायचा, त्यांचा आपण आणायचा. शाळेत न गेलेल्या माणसांनी रक्ताचं नातं इतकं काटेकोर सांभाळलं, याचं मला आजही फार मोल वाटतं.

गोऱ्ह्याला तेव्हा गिऱ्हाईक होतं. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, त्याआधी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढत. पुढे १८६३ ला रेल्वे आली, तरी नांगर आणि चिखलणी बैलाचीच राहिली. सरकारनं १९३३ च्या मुंबई पशुधन सुधारणा कायद्यानं निकृष्ट वळूंचं खच्चीकरण करण्याची सोय केली. गावाचं शहाणपण मात्र त्याच्या कितीतरी आधीचं.

मी पशुधन पर्यवेक्षक झालो तोवर जर्सी आणि होल्स्टीन आले होते. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभी केलेली ‘बाएफ’ संस्था गोठ्यापर्यंत कृत्रिम रेतन नेत होती. दूध वाढलं, घरं उभी राहिली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण संकरित गोऱ्ह्याला जू टेकायला धड वशिंड नसतं. तो कुठे जाणार, हे भरवताना कुणी विचारेनासं झालं. पॉवर टिलरनं चिखलणीही घेतली. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे न विकलेला गोऱ्हा मुंबई-पुणे रस्त्यावर मोकाट दिसतो.

१८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून पोरं खिलारच्या रेतन-कांडीची चौकशी करत माझ्याकडे येतात. शर्यतीत जुकाटाला पळेल असा खोंड हवा असतो. मी त्यांना तीन गोष्टी विचारतो: वेत कोणत्या महिन्यात येईल, कांडीचा वळू आणि तुमची गाय एका रक्ताची तर नाहीत ना, आणि शर्यतीच्या घाटात न पळणारा खोंड झाला तर तो पंधरा वर्षं कुणाच्या दावणीला राहणार? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात. त्यांना मी पुढच्या माजापर्यंत थांबायला सांगतो.