साहेबाचे ओटे

विजयदुर्गच्या किल्ल्यात काही जुने ओटे आहेत. त्यांना गावातली माणसे ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. विजयदुर्ग १९८१ पर्यंत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता, तेव्हा त्या ओट्यांचा अभिमान आम्हां रत्नागिरीकरांना वारशानेच मिळालेला. १८६८ साली नॉर्मन लॉकयर साहेबाने ह्याच ओट्यांवर दुर्बीण मांडून खग्रास ग्रहण पाहिले आणि सूर्यावर हेलियम शोधून काढला, असे मी लहानपणी ऐकले. पुढे शाळेत पदार्थाच्या अवस्था शिकवताना मुलांनाही तेच बेधडक सांगत आलो.

एके वर्षी एका मुलीने विचारले, “पण सर, ऑगस्टात आपल्याकडे सूर्य दिसतो कुठे?” वर्ग हसला. मी मात्र घरी येऊन पुस्तके काढली.

ग्रहण खरे होते. १८ ऑगस्ट १८६८ चे. ते पाहायला फ्रेंच ज्योतिषी जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला आला होता. लॉकयर मात्र त्या दिवशी इंग्लंडात होता. २० ऑक्टोबरला त्याने ग्रहणावाचूनच सूर्याच्या कडेवरचा प्रकाश पृथक्‌ करून पाहिला. त्यात एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या रेषांजवळची, पण त्यांच्याशी न जुळणारी. पुढे त्या अनोळखी द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पडले.

लॉकयर विजयदुर्गला आला हेही खरे. पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ‘मेल्पोमिनी’ ह्या युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. त्याने सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. ओटे ह्याच मुक्कामाचे असावेत, असे मला वाटते. पण तोवर रॅम्सेने १८९५ मध्ये हाच वायू पृथ्वीवरच्या एका खनिजातून काढूनही दाखवला होता.

आता आपल्या धड्याकडे येतो. वाफेचे पाणी होते, पाण्याचे बर्फ होते. मग हवेचे का होऊ नये? काही वायू कितीही दाबले तरी द्रव होईनात, म्हणून त्यांना ‘कायम वायू’ म्हणत. दाबलेला वायू बारीक छिद्रातून सोडला की पसरताना थंड होतो. पण हायड्रोजन आणि हेलियम नेहमीच्या तापमानाला उलट किंचित तापतात. त्यांना आधी दुसऱ्या कशाने तरी गारठवावे लागते. लॉकयर विजयदुर्गला आला त्याच १८९८ च्या मे महिन्यात लंडनला ड्यूअरने द्रवरूप हवेच्या साह्याने हायड्रोजन द्रव केला. आता हेलियम तेवढा उरला.

तो नमला १० जुलै १९०८ रोजी, हॉलंडमधल्या लायडन गावी. कामर्लिंग ओनेसने द्रव हायड्रोजनने त्याला गारठवले आणि शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर तो द्रव झाला. हा द्रव इतका नितळ, की भांड्यात साचलेला आधी कुणाला दिसेचना. खालून उजेड पाडला तेव्हा त्याचा पृष्ठभाग चमकला. ओनेसने लगेच त्याचे घन करण्याचा प्रयत्न केला, पण व्यर्थ. ते १९२६ मध्ये त्याच प्रयोगशाळेत केसोमला साधले, तेही थंडीच्या जोडीला पंचवीस वातावरणांहून अधिक दाब देऊन. नेहमीच्या दाबाखाली, कितीही थंड करा, हेलियम गोठत नाही. घन, द्रव, वायू ही तीन खणांची फडताळे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढली. त्यांतला एक खण ह्या पदार्थापुरता दाबावाचून उघडतच नाही, हे मला पन्नाशीत कळले.

पुढल्या आठवड्यात मी वर्गात उभा राहून माझी चूक सांगितली. पोरे हिरमुसली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “म्हणजे ओटे खोटे?”

“ओटे खरे,” मी म्हटले, “साहेबही खरा. साल तेवढे तीस वर्षांनी चुकले होते. वहीत दुरुस्त करून घ्या.”

आणि त्या मुलीला फळ्यावर ‘१८९८’ लिहायला बोलावले.