भाड्याची गाडी आणि तिसरा माणूस

मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही पाच जण स्कॉटलंडला गेलो होतो. मी, बायको, दोन मुलं आणि आई. एडिंबरा विमानतळावर आठ दिवसांसाठी भाड्याची गाडी घ्यायची होती. बुकिंग दोन महिने आधीच झालेलं. नगरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून नेला होता. त्यामुळे किल्ली घ्यायची आणि निघायचं, एवढंच काम उरलंय असं वाटत होतं.

काउंटरवरच्या मुलानं मात्र एक कागद पुढं सरकवला. गाडीचं नुकसान झालं तर पहिले 1,200 पौंड तुमचे, असं त्यावर होतं. या रकमेला तिकडं ‘एक्सेस’ म्हणतात. तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवली जाणार होती. ती जबाबदारी नको असेल तर रोजचे 22 पौंड जादा भरा, म्हणजे एक्सेस शून्य. मुलानं काच, टायर, गाडीचा खालचा भाग, चुकीचं इंधन अशी यादी भराभर म्हणून दाखवली. मी त्याला मध्येच थांबवून विचारलं, “आणि माझ्या हातून रस्त्यावरचा एखादा माणूस जखमी झाला तर?”

तो जरा गोंधळला. म्हणाला, ते तर भाड्यातच आहे, कायद्यानं असावंच लागतं. त्याला रकमेची मर्यादाही नाही. “पण हे सहसा कुणी विचारत नाही,” असंही म्हणाला.

मी का विचारलं, ते आईला लगेच कळलं. ती काही बोलली नाही. फक्त हातातली पर्स तिनं या हातातून त्या हातात घेतली.

आम्ही पारनेर तालुक्यातले. 1986 साली माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, सुप्याच्या बाजारातून सायकलवर परत येत होते. मागून आलेल्या टेम्पोनं त्यांना उडवलं. दोन दिवसांनी ते गेले. टेम्पो सापडला, ड्रायव्हर सापडला, मालकही सापडला. सापडली नाही ती विम्याची चालू पॉलिसी. ती संपून पाच महिने झाले होते. नगरला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चार वर्षं तारखा पडल्या आणि निकाल आमच्या बाजूनं लागला. तोवर मालकानं टेम्पो विकला होता आणि त्याच्या नावावर जप्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चुलतीनं पुढची वीस वर्षं लोकांच्या शेतात खुरपणी केली. निकालाचा कागद तिनं पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवला होता.

म्हणून त्या काउंटरवर मला भाड्याच्या गाडीपेक्षा तो कागद जास्त महत्त्वाचा वाटला. परत आल्यावर मी या कागदाचा इतिहास वाचत गेलो. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. विमा फार जुना आहे, पण त्यात नानांसारख्या माणसाला जागा मिळून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

आपल्याकडंही विमा नवा नाही. ‘विमा’ हा शब्द फारसीतून आलेला. ‘जोखीम’ तर व्यापाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे, जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. म्हणजे ती हुंडीच विम्याचं काम करत होती. घाटावर बैलांच्या तांड्यांवरून माल जायचा, तेव्हा ‘हुंडेकरी’ असायचे. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द सापडतो. माल अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी पोचवायचा, वाटेतल्या जकाती आणि इतर खर्च आपण सोसायचा आणि या सगळ्याची एकच ठोक रक्कम आधी ठरवून घ्यायची, हा त्यांचा धंदा. नगरमध्ये हुंडेकरी हे आडनाव आजही भेटतं.

भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर उभं राहिलेल्या माणसाला हुंडेकऱ्याचा हेवा वाटावा, अशीच ही पद्धत होती. एक आकडा, त्यात सगळं आलं. पण हुंडेकरी काय किंवा जोखमी हुंडी काय, हे सगळे दोघांमधले करार होते. एकाचा माल, दुसऱ्याची जबाबदारी. तांड्यातल्या बैलानं वाटेवरच्या पोराला तुडवलं, तर त्या पोराचा या कराराशी काही संबंध नसायचा.

युरोपातही वेगळं नव्हतं. तिथला विमा वाढला तो समुद्रावर, जहाज आणि मालाच्या काळजीतून. मोटार आली तेव्हा विमेवाल्यांजवळ जुनेच कागद होते. लंडनच्या लॉइड्समध्ये 1904 साली मोटारीची पहिली पॉलिसी लिहिली गेली ती जहाजाच्या नमुन्यावर. मोटार म्हणजे जमिनीवर चालणारं जहाज, अशी कल्पना. त्याच 1904 साली पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट, शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला एडिंबऱ्याच्या हेरियट-वॉट कॉलेजात निघाले होते. आमच्या तालुक्यातला माणूस त्या शहरात पोचला तेव्हा तिथल्या रस्त्यांवर मोटारी नुकत्या दिसू लागल्या होत्या. त्यांच्याखाली येणाऱ्याचं काय, याचं उत्तर मात्र कुठल्याही कायद्यात नव्हतं.

आणि माणसं गाडीखाली येऊ लागली होती. 17 ऑगस्ट 1896 रोजी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाच्या बाईला मोटारीची धडक बसली आणि ती गेली. ब्रिटनमध्ये मोटारीनं मेलेली ती पहिली पादचारी मानतात. ती मोटार लोकांना फिरवून दाखवण्यासाठी आणलेली होती. चौकशीत निष्कर्ष निघाला, अपघाती मृत्यू.

पुढची तीस-पस्तीस वर्षं विमा ऐच्छिक राहिला. ज्याची गाडी महाग, तो विमा घ्यायचा. त्यातून एक विचित्र अडचण उभी राहिली. हॅरिंग्टन मोटर कंपनीचा खटला वाचताना मला नाना आठवले. या कंपनीच्या गाडीमुळे चॅप्लिन नावाचा माणूस जखमी झाला. त्यानं दावा जिंकला. कंपनीचा विमाही होता. पण मधल्या काळात कंपनीचं दिवाळं निघालं. विमा कंपनीनं पैसे दिले, ते गेले दिवाळखोरीच्या सामायिक खात्यात. न्यायालयानं सांगितलं की, विमा कंपनीनं भरलेल्या रकमेवर चॅप्लिनचा वेगळा हक्क नाही, इतर सावकारांसारखाच तोही एक देणेकरी. म्हणजे इजा झाली त्याला, आणि त्या इजेच्या पैशात कंपनीचे इतर सावकारही वाटेकरी.

करारात दोनच माणसं असतात, हा जुना नियम तिथं उघडा पडला. 1930 साली ब्रिटिश संसदेनं दोन कायदे केले. एकानं जखमी माणसाला दिवाळखोराच्या विमा कंपनीवर थेट हक्क दिला. दुसऱ्यानं, म्हणजे रोड ट्रॅफिक अॅक्टनं, इतरांना होणाऱ्या इजेचा विमा नसेल तर गाडी रस्त्यावर आणणं हाच गुन्हा ठरवला. ‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की, त्याचा अर्थ विसरून जातो. करारावर ज्याची सही नाही, ज्यानं हप्ता भरलेला नाही, ज्याला हा करार झाल्याचंही माहीत नाही, तो तिसरा माणूस. ब्रिटनमध्ये विमा प्रथमच त्याच्यासाठी सक्तीचा झाला.

भारतात हीच कल्पना 1939 च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात आली, पण ते प्रकरण प्रत्यक्षात लागू झालं 1 जुलै 1946 ला. त्यानंतर दोन वर्षांनी, 1 जून 1948 ला, राज्यातली पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली. हा रस्ता आमच्या सुप्यावरूनच जातो. गंमत म्हणजे सरकारी आणि राज्य परिवहनाच्या गाड्यांना कायद्यानं विम्यातून सूट मिळू शकते. अट एकच, भरपाईसाठी स्वतःचा निधी उभारायचा. म्हणजे पॉलिसी नसली तरी चालेल, पण तिसऱ्या माणसासाठी पैसे कुठंतरी ठेवलेले असले पाहिजेत.

मग नानांच्या वेळी काय चुकलं? कायदा तर होता. कायद्याच्या सक्तीत एक भोक होतं. सक्ती असूनही जो विमा घेत नाही, त्याच्या गाडीखाली आलेल्याचं काय? ब्रिटननं हे भोक 1946 सालीच बुजवायला घेतलं. विमा कंपन्यांनी मिळून मोटर इन्शुरर्स ब्यूरो काढला. गाडीला विमा नसेल तर जखमीला हा ब्यूरो पैसे देतो आणि नंतर ते गाडीवाल्याकडून वसूल करायला बघतो. खर्च शेवटी प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्यांवरच पडतो, पण तो सगळ्यांत विभागला जातो.

आपल्याकडं 1982 च्या दुरुस्तीनं, धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात गाडीसाठी ठरावीक रक्कम देण्याची सोय झाली. 2022 पासून मृत्यूसाठी ती दोन लाख रुपये आहे. पण ती सोय गाडीचा पत्ता लागत नसेल तरच. नानांचा टेम्पो सापडला होता. तो सापडला नसता तर चुलतीला थोडे तरी पैसे मिळाले असते. आमच्या वकिलांनी हे तेव्हा सांगितलं, त्यावर आजोबा म्हणाले होते, “मग आपण उगाच धरून दिला म्हणायचा त्याला.”

हा इतिहास डोक्यात ठेवला की भाड्याच्या गाडीचा कागद वाचणं सोपं होतं. त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात. पहिला, रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचा. दुसरा, गाडीचा, म्हणजे गाडीमालक कंपनीचा. तिसरा, आपला आणि आपल्या माणसांचा. दवाखान्याचा खर्च प्रवास विम्यात आहे का, हे निघण्यापूर्वी घरीच बघायचं असतं.

काउंटरवर बहुतेक वेळ जातो तो दुसऱ्या प्रश्नात. ज्याला ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ म्हणतात, तो खरं तर विमाच नाही. अमुक रकमेच्या पुढचं नुकसान आम्ही तुमच्याकडून मागणार नाही, एवढंच ते गाडीवाल्या कंपनीचं वचन. आणि वचन म्हटलं की अटी आल्या. टायर, काच, छत आणि गाडीचा खालचा भाग बहुतेकदा त्याबाहेर. कागदावर नाव नसलेल्यानं गाडी चालवली तर वचन संपलं. आपल्याकडच्या गाडीच्या पॉलिसीतही पहिली थोडी रक्कम आपणच सोसतो. 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला ती 1,000 रुपये असते, म्हणून ती कुणाला जाणवत नाही. तिकडं तोच प्रकार 1,200 पौंडांचा होतो, तेव्हा डोळे उघडतात.

पहिला प्रश्न मात्र देशानुसार बदलतो. ब्रिटनमध्ये माणसाला झालेल्या इजेची भरपाई अमर्याद असावी लागते. आपल्याकडंही मृत्यू आणि इजेच्या बाबतीत तसंच आहे. अमेरिकेत तसं नाही. कॅलिफोर्नियात एका माणसाच्या इजेसाठी सक्तीचा किमान विमा 2024 अखेरपर्यंत फक्त 15,000 डॉलर होता. 2025 पासून तो 30,000 झाला. तिथल्या दवाखान्यांची बिलं पाहता ही रक्कम एका रात्रीत संपू शकते. त्याच्या वरचं मागणं थेट चालवणाऱ्याकडं येऊ शकतं. म्हणून अमेरिकेत गाडी घेणाऱ्यानं गाडीच्या ओरखड्यांच्या आधी, तिसऱ्या माणसासाठी किती रकमेचा विमा आहे ते विचारावं.

मी रोजचे 22 पौंड भरले नाहीत. हायलँड्समधले बरेच रस्ते एकेरी गाडीपुरते असतात, समोरून कुणी आलं की ‘पासिंग प्लेस’ लिहिलेल्या जागेत थांबायचं. पाचव्या दिवशी मी घाईनं गाडी कडेला घेतली आणि दगडानं टायर कापला. टायर वचनाबाहेर होता. सगळे मिळून 168 पौंड गेले. आठ दिवसांचे जादा पैसे भरले असते तर ते 176 झाले असते. “म्हणजे आठ पौंड वाचले की बाबा,” मुलगा म्हणाला. आई मागच्या सीटवरून म्हणाली, “टायरच गेला ना? जाऊ दे मग.”

पारनेरला परतल्यावर मी धाकट्या भावाच्या स्कूटरचे कागद बघायला मागितले. ती त्यानं 2018 च्या दसऱ्याला घेतलेली. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पाच वर्षं काही बघावं लागलं नाही, आणि मग बघायची सवयच राहिली नाही. विमा 2023 च्या ऑक्टोबरात संपला होता. दीड वर्षाहून जास्त काळ भाऊ त्याच स्कूटरवर रोज सुप्याच्या एमआयडीसीत जात होता. नाना गेले त्याच रस्त्यानं.

तो म्हणाला, “अरे दादा, लक्षातच नाही आलं.” त्या टेम्पोवाल्यानंही न्यायाधिकरणात हेच सांगितलं होतं. आम्ही त्याच संध्याकाळी पैसे भरले. नवा कागद आईनं मागून घेतला आणि चुलतीच्या पेटीत, त्या जुन्या निकालाशेजारी ठेवला.