वेलांटीचे स्थलांतर



चित्रे रंगविणारी एक आज्ञावली एका संगणकप्रणालीतून दुसरीत कशी गेली, हा विषय लोधीखेड्यात काहीसा परका वाटेल. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्यप्रदेशात राहूनही ज्यांच्या घरातून मराठी गेली नाही, त्यांना घराचा पत्ता बदलल्यावर बरोबर काय येते, हा प्रश्न नवा नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ ही आज्ञावली रचावयास घेतली. तिचा स्रोत सर्वांस खुला होता. युनिक्सवर, पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या ‘एक्स विंडो’ या व्यवस्थेच्या आधाराने ती चाले. चित्रावर ‘कि’ लिहावयाची झाली, की मात्र अडचण येई. वेलांटी उच्चारात मागून येते आणि लिहिताना पुढे उभी राहते. हे ज्ञान यंत्रात कोठे ठेवावे?

मुंबईच्या ‘एनसीएसटी’ या संस्थेने या शतकाच्या आरंभी ‘इंडिक्स’ प्रकल्पात ते खुद्द एक्स विंडोमध्येच घातले. वरच्या कोणत्याही आज्ञावलीस हात लावावयास नको, हा त्यामागील हेतू. सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा ‘रघु’ टंकही याच संस्थेने मुक्तपणे दिला. मला हा विचार अधिक उदार वाटतो. पण टिकला दुसरा. ‘पँगो’ नावाच्या आज्ञासंग्रहाने हे ज्ञान आज्ञावलीच्या शिदोरीत बांधून दिले. (नावातील ‘पॅन’ ग्रीक, ‘गो’ जपानी, अर्थ, सर्व भाषा.) २००४ च्या ‘गिंप २.०’ मध्ये ती शिदोरी आली.

‘ॲपल’ची मॅक ओएस टेन २००१ साली निघाली, तिचा पाया युनिक्सचा. म्हणून गिंप तेथे जाऊ शकली, पण राहिली एक्स विंडोच्या ओसरीवर, पाहुण्यासारखी. २०१२ मध्ये ‘ॲपल’ने आपल्या प्रणालीबरोबर एक्स विंडो देणे थांबविले. त्याच वर्षी ‘गिंप २.८.२’ तिच्यावाचून मॅकवर चालू लागली. वेलांटीचे ज्ञान केवळ एक्स विंडोत असते, तर ते ओसरीवरच राहिले असते.

एक गोष्ट मात्र पँगोलाही करता येत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. युनिकोडने त्यासाठी ‘ऱ’ला वेगळा क्रमांक दिला आहे; आकार मात्र टंकातच असावा लागतो. केवळ हिंदीपुरता कोरलेला टंक निवडला, तर ‘आचाऱ्यांना’मध्ये पाय मोडलेला ‘ऱ’ सुटा उभा राहतो.