खोगीरभरती

लेखात निरुपयोगी मजकूर घातला किंवा कचेरीत नको ती माणसे भरली, की मराठी माणूस त्याला ‘खोगीरभरती’ म्हणतो. मराठेशाहीतील स्वाराला ही निंदा चमत्कारिक वाटली असती. खोगिरात भरलेली लोकर आणि चिंध्या यांवरच त्याच्या घोड्याची पाठ, आणि पर्यायाने त्याचे पोट, अवलंबून असे.

खोगिराचा भार कण्यावर पडता उपयोगी नाही. तो कण्याच्या दोन्ही अंगांच्या मांसल भागावर सारखा पडावा लागतो. परंतु हा मांसल भाग स्थिर नसतो. पावसाळ्यात फौजा छावणीत असत. विश्रांती आणि हिरवा चारा यांमुळे घोड्याची पाठ रुंदावे. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले, की तेच खोगीर चिमटू लागे. अशा वेळी खाली जाड घोंगडी घालणे म्हणजे घट्ट जोड्यात आणखी एक मोजा चढवणे होय. पुढे मजला वाढत, दाणा कमी पडे, खांद्यामागचे मांस झडे आणि सैल झालेले खोगीर पुढच्या उंचवट्यावर घसरून घासू लागे. मग भरती उसवून पुन्हा भरणे आणि तंग नव्याने आवळणे आले. जाणता स्वार खोगीर उतरताच घामाचा ठसा पाही. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग दिसला, तर तेथे दाब पडत आहे हे त्याला उमगे.

दिल्ली-आग्रा रस्त्यावरील फरीदाबादजवळ १७५७ च्या आरंभी अंताजी माणकेश्वर यांच्या पथकाची अब्दालीच्या फौजेशी गाठ पडली. मराठ्यांना मथुरेकडे हटावे लागले. हे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. अशा माघारीत खोगीर उतरवून पाठ न्याहाळण्यास उसंत कोठून मिळणार? लढाईच्या वर्णनांत तलवारींना जागा मिळते, तंगाला क्वचितच. तथापि शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. पाठीला जखम होऊन घोडा निकामी झाला, तर परक्याच्या घोड्यावर बारगीर होऊन बसण्याची पाळी येई.

१७६० साली ही अडचण फौजेएवढी मोठी झाली. सदाशिवरावभाऊंनी मार्चमध्ये पटदूर सोडले आणि ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली. पण तेथे पैसा आणि चारा या दोहोंचीही टंचाई होती. जो पावसाळा घोड्यांना भरून काढतो, तोच त्या वर्षी कोरडा गेला म्हणावयाचा. नोव्हेंबरपासून पानिपतच्या वेढ्यात उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी जी घोडी रणात उतरली, त्यांच्या अंगी खोगीर सावरून धरील एवढे मांस कितीसे उरले असेल?

खोगिराने केलेली जखम भरून आली, तरी त्या जागी बहुधा पांढरे केस उगवतात. म्हणूनच घोडा विकत घेणारा जाणकार अजूनही आधी खोगीर उतरवावयास सांगतो.