न छापल्या जाणाऱ्या खिळ्यांची गोष्ट

आमच्या घरात गणपत कृष्णाजींचं नाव पूर्वजासारखं घेतलं जाई. नातं काहीच नव्हतं. आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, होते आणि मुंबईतल्या प्रत्येक जुळाऱ्याची वंशावळ गणपत कृष्णाजींपाशीच जाऊन थांबते, अशी त्यांची ठाम समजूत होती. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात राहून या माणसाने विद्या उचलली, लाकडाचं यंत्र स्वतः उभं केलं, कुर्ल्याचा दगड आणून त्यावर छापून पाहिलं, शाई घरी घोटली आणि १८३१ साली पंचांग छापून काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपातली शाई केली, असं आजोबा सांगत. तुपाशी आल्यावर ते हटकून थांबायचे. "कागद कुणाच्या हातात जाणार, हे त्याने शाई घोटतानाच ठरवलं होतं, कळलं का?" एवढं म्हणून मगच पुढे.

मी आज पुस्तकांची मांडणी करते. त्यामुळे आजोबांच्या गोष्टींच्या मागे काय होतं ते मला पुढे वाचून कळलं. गोव्यात सेंट पॉल कॉलेजात १५५६ मध्ये छापखाना आला. भारतातला तो पहिला. पण फादर स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये निघालं ते रोमन अक्षरांत. १६७४ मध्ये भीमजी पारेख यांच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईला एक मुद्रक धाडला, त्यालाही नागरी खिळे पाडता आले नाहीत. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापलं गेलं ते १८०५ मध्ये, आणि तेही दूर बंगालात, श्रीरामपूरला. त्याच वर्षी मिरजेत गीता छापली गेली, पण खिळ्यांनी नव्हे, तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून. गोव्यातल्या त्या यंत्रापासून मोजलं तर अडीचशे वर्षं होतात.

एवढा वेळ का लागला, ते आजोबांच्या केसपुढे, खिळ्यांच्या खणांच्या पेटीपुढे, उभं राहिलं की समजे. इंग्रजी अक्षरं एका ओळीत शेजारी शेजारी उभी राहतात. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, ऋकार, शिवाय जोडाक्षरं. खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथलाचा चौकोनी तुकडा. त्याच्या डोक्यावर आणखी काही ठेवायचं कसं? एक वाट अशी की मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यावर ओतायचं. अक्षर देखणं येतं, पण खिळ्यांचे प्रकार कित्येक शे होतात. दुसरी वाट डिग्रीची: अक्षर मधल्या थरात, वरची चिन्हं वरच्या थरात, खालची खालच्या. प्रकार कमी, पण जुळाऱ्याला एका ओळीसाठी तीन ओळी रचायच्या. टिळकांसारख्या माणसाने राजकारणाच्या धबडग्यात खिळ्यांची संख्या कमी करण्यावर डोकं चालवलं, ते उगाच नाही.

या खटाटोपातून सौंदर्य काढलं ते जावजी दादाजींनी. अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात पोरवयात खिळे घासायला लागलेला हा मुलगा. १८६४ मध्ये त्याने स्वतःचा खिळ्यांचा कारखाना घातला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तिथल्या अक्षरांचे पोलादी ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं देशभर गेली, परदेशातल्या पंडितांच्या टेबलावर गेली. त्यांवर संपादकांची नावं आहेत. ज्याच्या हातातून ते अक्षर उतरलं त्याचं नाव प्रत्येक पानावर असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आजोबांकडून मी शिकले ते मात्र छापल्या न जाणाऱ्या खिळ्यांबद्दल. दोन शब्दांमध्ये घालायचे बुटके तुकडे, दोन ओळींमध्ये सारायच्या शिशाच्या पट्ट्या. यांच्यावर शाई चढत नाही, कागदावर त्यांचा ठसा उमटत नाही. "आपल्या लिपीला हवा जास्त लागते," ते म्हणत. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना घासली की वाचणाऱ्याचा डोळा तिथेच अडखळतो. म्हणून इंग्रजी पानाला चालते त्यापेक्षा जाड पट्टी मराठी पानाला घालायची.

लग्नपत्रिका जुळवताना तर त्यांचा हिशेब पाहण्यासारखा असे. मुलीचे वडील हातभर मजकूर आणत: कुलस्वामिनी, आजोळची मंडळी, काका, आत्या, किलबिल. प्रत्येकाला आपलं नाव मोठ्या टायपात हवं. आजोबा शांतपणे विचारत, "पत्रिका हातात आल्यावर पाहुणा आधी काय शोधेल?" वधूवरांची नावं, मुहूर्त, ठिकाण. तेवढं मोठं, भोवती भरपूर मोकळं. बाकी सगळं एकाच लहान मापात, एका रेषेत. सगळीच नावं मोठी केली तर एकही मोठं दिसत नाही, हे ते दोन प्रुफं शेजारी ठेवून पटवून देत. मानाने मोठ्या असलेल्या मामांची समजूत घालायचं काम आजीकडे, कारण ती मंडळी चहाला घरीच येत. पुढे कलाशाळेत हेच मी श्रेणी, विरोध, संरेखन अशा नावांखाली पुन्हा शिकले.

आता खिळे वितळून गेले. र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट संगणकावर आला, त्यांच्यानंतरच्या पिढीने उत्तम मुक्त फॉन्ट दिले, जोडाक्षरं आपोआप जुळतात. पण ओळींमधलं अंतर अजून बहुतेक ठिकाणी रोमन लिपीच्या मापाने येतं. सरकारी अर्जावर, बँकेच्या संदेशात, दुकानाच्या पाटीवर रफार छाटलेले दिसतात, उकार कापलेले दिसतात. अनेक फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण कोणतं, हे २००९ च्या शासननिर्णयात आखून दिलेलं असूनही. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक हस्तलिखिताची पहिली पानं मी 'र्ती'पासून 'ष्ट्यू'पर्यंतच्या उंच-खोल अक्षरांनी तपासते आणि मगच अंतर ठरवते. प्रकाशक म्हणतात, याने सोळा पानं वाढतील, कागद महागला आहे. त्या सोळा पानांसाठी मी भांडते.