कुलूपबंद कपाट आणि अंगणातली शाळा

आपण बडोदेकर एक गोष्ट हमखास अभिमानानं सांगतो: सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. खरंच आहे. पण मूल शाळेत आलं, पुढे काय? हा प्रश्न मला बाई झाल्यावर पडला.

१९७८ साली मी इथल्या एका सरकारी मराठी शाळेत लागले. पहिलीत पन्नास पोरं. ऑफिसातल्या कपाटात माँटेसरीची लाकडी साधनं होती, पण कुलूपबंद. "फुटलं तर भरून कोण देणार?" हेडबाई म्हणायच्या.

घरी सासूबाईंकडे 'शिक्षणपत्रिके'चे जुने अंक होते. त्यातून ताराबाई मोडक कळल्या. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण शहरातल्या बालमंदिराची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? म्हणून १९४५ साली बोर्डीला त्यांनी अनुताई वाघांसोबत शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा!

सासूबाई म्हणाल्या, "अगं, कपाट उघडायची वाट कशाला बघतेस? चिंचोके ने की."

नेले. वर्गात एक मुलगा तोंडच उघडायचा नाही. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करता करता तो एकदम मोठ्यानं मोजायला लागला, तेही गुजरातीत. मराठी शाळेत गुजराती! मी टोकलं नाही. महिन्याभरात तो दोन्ही भाषांत मोजत होता.

सगळं जमलं असं नाही हं. पन्नासांत प्रत्येकाला त्याच्या गतीनं जाऊ देणं मला झेपलं नाही. तपासणी जवळ आली की मीही पाढेच घोकून घेत असे. आणि ते कपाट उघडा, असं ठणकावून मी कधीच म्हटलं नाही. ती सल अजून आहे.

१९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाडी गावोगाव गेली. तो शब्द ऐकला की मला बोर्डीचं ते अंगण आठवतं. तिथे कुलूप लावायला दारच नव्हतं.

तुमच्या घरात कुणी बालवाडीच्या बाई होत्या का? असतील तर त्यांच्याबद्दल जरूर लिहा.