आधी वेग, मग इंजिन : रॅमजेटची पूर्वपीठिका

फिरणारा एकही मोठा भाग नसलेले इंजिन असू शकते, हे प्रथम ऐकणाऱ्यास खरे वाटत नाही. नेहमीच्या जेट इंजिनात पुढून घेतलेली हवा फिरत्या पात्यांनी दाबली जाते, तीत इंधन जाळले जाते आणि तप्त वायूंचा झोत मागे सोडला जातो. रॅमजेटमध्ये ही पाती नसतात. नळीच्या तोंडाशी वेगाने येणारी हवा आत मंदावते व तिच्या गतीचेच दाबात रूपांतर होते. मात्र वेग नसेल तर दाब नाही, आणि दाबावाचून झोत नाही. धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला हे इंजिन जागचे हलवू शकत नाही.

रेने लॉरिन या फ्रेंच अभियंत्यांनी १९१३ मध्ये ही कल्पना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी विमानाच्या वेगाचा विक्रम ताशी सुमारे २०४ किलोमीटरवर गेला होता. श्रोत्यांनी आकडेमोड करून पाहावी : त्या वेगाने हवेचा दाब जेमतेम दोन टक्के वाढतो. एवढ्यावर इंजिन कसले चालणार? ध्वनीइतक्या वेगाला, काहीही गळती वा घर्षण न धरता, दाब जवळजवळ दुप्पट होतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाला पावणेआठ पट आणि तिप्पट वेगाला छत्तीस पटींहून अधिक. लॉरिन यांच्या गणितात चूक नव्हती. ते खरे करून दाखवील असे विमान तेव्हा नव्हते. १९३३ मध्ये ते निवर्तले.

त्याच सुमारास रेने लेडुक स्वतंत्रपणे याच कल्पनेपाशी पोहोचले होते. लॉरिन यांचे अग्रत्व त्यांनी पुढे मान्य केले. शोधांच्या इतिहासात हे सौजन्य वारंवार आढळत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले. लेडुक यांच्या विमानाचे काम महायुद्धामुळे रखडले. अखेर २१ एप्रिल १९४९ रोजी एका चार इंजिनांच्या प्रवासी विमानाने ते पाठुंगळी घेऊन उंच नेले व सोडले. वैमानिक झाँ गोनॉर नळीच्या तोंडातील शंकूतच बसले होते! इंजिन पेटले आणि विमानाने ताशी ६८० किलोमीटरचा वेग गाठला.

दर वेळी दुसऱ्याच्या पाठीवरून निघावे लागणारे विमान सैन्याला सोयीचे नव्हते. रॅमजेट स्थिरावले ते क्षेपणास्त्रांत. तेथेही वरची मर्यादा आहेच : ध्वनीच्या पाचपट वेगाने आत येणारी हवा मंदावताच तिचे तापमान हजार अंश सेल्सियसपलीकडे जाते आणि इंधन जाळून मिळणारा लाभ घटू लागतो.

आपल्या हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘आकाश’ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी १९९० मध्ये झाली. त्याच्या मूळ रचनेत पहिला रेटा देणारे घन इंधन रॅमजेटच्या ज्वलनकक्षातच भरलेले असते. काही सेकंदांत ते जळून संपते, आणि रिकाम्या झालेल्या त्याच जागेत बाहेरची हवा शिरून रॅमजेट सुरू होते.